घासलेलं पातं

माणसाचं वय ओळखायला जन्मदाखला लागत नाही, त्याचा आवडता चाकू बघितला की पुरतं, असं निरीक्षकांचं ठाम मत होतं. त्यांच्या चाकूसंग्राहक मंडळात नवा माणूस आला की ते आधी त्याच्या खिशाकडे बघत, मग चेहऱ्याकडे. अंदाज दोन-तीन वर्षांपलीकडे कधी चुकला नव्हता. एकदाच चुकला होता, पण त्या गृहस्थांनी तो चाकू सासऱ्यांचा उचलून आणला होता.

त्यांचा हिशेब असा : विशीत माणसाला मोठा, काळा, पाठीवर करवतीसारखे दात असलेला चाकू लागतो. त्याला रानात झोपडी बांधायची असते. रान कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसतं आणि घरी अंथरूण आई घालते, पण तयारीत कसूर नको. तिशी आली की दात गळतात, म्हणजे चाकूचे, आणि माणूस खटक्यांच्या नादी लागतो. मंडळातला पाववाला सध्या त्या घरात होता. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून संध्याकाळी दोन तास चाकू उघड-मीट, उघड-मीट करत बसायचा. बायको म्हणे माहेरी गेली होती ती त्या आवाजामुळेच. चष्मेवाला पंचेचाळिशीचा. त्याला पोलादाच्या सगळ्या जाती कडकपणाच्या आकड्यांसकट तोंडपाठ, आणि मुलगी कितवीत आहे हे मात्र तो बोटांवर मोजून सांगे. दातांच्या डॉक्टरीणबाई पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे फक्त हाताने घडवलेले, लोहाराची खूण ठोकलेले चाकू. त्यांनी त्यातल्या एकानेही आयुष्यात काही कापलं नव्हतं. कापायचं काम दवाखान्यात होतंच.

साठीनंतर मात्र सगळे एकाच गल्लीत येतात. लहान, घडीचा, जुन्या साध्या पोलादाचा, कुणीतरी वापरून झिजवलेला. आणि पंचाहत्तरीनंतर एकच प्रश्न उरतो : नखाने उघडतो का? पात्यावर नख अडकवायला बारीक खाच असते. माणसाची नखं ठिसूळ होत जातात आणि चाकूची स्प्रिंग जन्मभर तरुण राहते. मंडळातले सर्वांत वडील सभासद एकोणऐंशीचे होते. चाळीस वर्षं शाळेत रसायन शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांनी गेल्या दोन वर्षांत आपले बावीस चाकू वाटून टाकले होते, फक्त स्प्रिंग कडक म्हणून. वाटताना चेहरा असा, की मुलीला सासरी पाठवतायत.

निरीक्षक स्वतः सहासष्ट वर्षांचे. लिफ्टच्या तपासणीवर नोकरी. तीस वर्षं लोक सुखरूप वरखाली जातील याची काळजी घेतली आणि निवृत्त झाल्यावर स्वतः तळमजल्याला घर घेतलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूरदेशी. दर रविवारी सकाळी फोन करायची.

“बाबा, जेवलात का?”

“सकाळचे नऊ वाजलेत.”

“हो, माझ्याकडे रात्र आहे ना. आणि त्या चाकूंचं काय केलंत? घरात एकटा माणूस आणि एकशे बारा चाकू. शेजाऱ्यांना काय वाटत असेल?”

“शेजाऱ्यांना वाटतं मी भाजी फार खातो.”

एवढं झालं की दोघांकडचं बोलणं संपायचं. मग निरीक्षक अंघोळ करून महिन्याच्या पहिल्या रविवारची वाट बघायला लागायचे, मग तो तीन आठवडे लांब का असेना.

पहिल्या रविवारी चार वाजता वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत चाकूसंग्राहक मंडळाची बैठक असे. निरीक्षक एकोणीस वर्षं त्याचे सचिव होते. चाकू बंद करून डब्यात घालून आणायचे, खाली ग्रंथपालबाईंना डबा दाखवायचा, आणि जाताना परत दाखवायचा. बाई चाकू मोजून घ्यायच्या आणि तशाच मोजून परत पाठवायच्या. एकोणीस वर्षांत कुणी रक्त सांडलं नाही याचं त्यांना अजून नवल वाटायचं.

मंडळातले सहावे सभासद, घड्याळजी, वारले आणि मंडळात पाच जण उरले.

पंधरा दिवसांनी ग्रंथपालबाईंनी निरीक्षकांना खिडकीतून एक अर्ज दिला. “सहा सह्या हव्यात. सहापेक्षा कमी असले तर नियमात ती संस्था होत नाही.”

“मग काय होतं?”

“खाजगी गप्पा.” बाईंनी नाक कागदाला लावून नियम पुन्हा वाचला. “खाजगी गप्पांना खोली नाही. वजन उतरवणाऱ्यांचा वर्ग केव्हापासून मागतोय. त्यांचे चव्वेचाळीस आहेत.”

“चव्वेचाळीस त्या खोलीत मावतील?”

“उतरल्यावर मावतील. पुढच्या पहिल्या रविवारी पाचच्या आत अर्ज आणा.”

खोली गेली तर मंडळ कुठेतरी हॉटेलात भरेल, असं चष्मेवाला म्हणाला. कुठल्या हॉटेलात पाच माणसांना टेबलावर तीस चाकू मांडू देतात, हे त्याने सांगितलं नाही. कुणाच्या घरी? पाववाल्याच्या घरी भांडण, डॉक्टरीणबाईंच्या घरी आजारी सासू, सरांच्या घरी सून. निरीक्षकांच्या घरी जागाच जागा होती. तेच त्यांना नको होतं. महिन्यातून एकदा घराबाहेर कुणीतरी आपली वाट बघतं, ही एक गोष्ट त्यांना शिल्लक ठेवायची होती.

सहावा माणूस त्यांना अर्जाची झेरॉक्स काढताना भेटला. पुढे उभ्या पोराच्या विजारीच्या खिशावर काळी धातूची क्लिप दिसत होती. पेनची नव्हे, चाकूची. संग्राहकाला ती शंभर पावलांवरून ओळखू येते.

“चोवीस,” निरीक्षक म्हणाले.

पोरगा वळला. दंड असे, की सदऱ्याला वाईट वाटावं. “काय काका?”

“तुझं वय. आणि घरी याच्याहून मोठा एक आहे. पाठीवर दात असलेला.”

“तुम्ही पोलीस आहात?”

“सचिव आहे,” निरीक्षक म्हणाले, आणि हे त्याहून भारदस्त वाटेल अशा बेताने उभे राहिले.

तो वाचनालयासमोरच्या जिममध्ये लोकांना वजनं उचलायला शिकवायचा. मोबाइलवरच्या चाकूवाल्यांच्या गटात त्याचे नऊ हजार मित्र होते. त्यातला एकही त्याला प्रत्यक्ष भेटला नव्हता. “प्रत्यक्ष चाकू हातात देणारे लोक आहेत?” त्याने विचारलं, आणि रविवारी निरीक्षकांच्या घरी आला.

मंडळाचा एक रिवाज होता, घड्याळजींनीच घातलेला. उमेदवाराने सभासदाच्या संग्रहातला एक चाकू आठ दिवस घरी न्यायचा, बदल्यात आपला एक ठेवायचा. चाकू मांडून ठेवला की सगळेच सारखे दिसतात, त्याच्याबरोबर राहिल्याशिवाय कळत नाही, असं घड्याळजी म्हणत. निवड उमेदवाराची. मालकाने नाही म्हणायचं नाही. आठ दिवसांनी तो चाकू बैठकीत हातोहात फिरायचा आणि उमेदवाराने काय वाटलं ते सांगायचं.

जिमवाला एकशे अकरा चाकूंवरून नजर फिरवत गेला आणि उशाजवळच्या स्टुलापाशी थांबला.

“हा वेगळा का ठेवलाय?”

घडीचा, बोटभर लांब, लाकडी मुठीचा चाकू. घड्याळजी गेल्यावर त्यांच्या बायकोने निरीक्षकांना बोलावून दिला होता. सरांनीही तो मागितला होता. वहिनी म्हणाल्या होत्या, “सरांना सांगा, एकच आहे, मी काय करू?” घड्याळजी एकोणतीस वर्षं रोज, आणि दर बैठकीत, त्या चाकूने सफरचंद कापून सगळ्यांना फोडी द्यायचे. साध्या पोलादाला फळाचा आंबटपणा लागला की त्यावर निळसर-करडी झाक चढते. कापून लगेच पुसलं तर झाक कमी. घड्याळजी बोलायचे जास्त आणि पुसायचे कमी. पातं हातात तसंच, गोष्ट रंगात आलेली, आणि रस टोकाकडे वाळत चाललेला. त्यामुळे टोकाला एक गडद निळा ढग झाला होता, शाई सांडल्यासारखा. निरीक्षकांना तो बघितला की घड्याळजींचा आवाज ऐकू यायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी डागातून आवाज येतो म्हणून सांगितलं, तर मुलगी पुढच्याच विमानाने आली असती. अर्थात, म्हणूनच एकदा सांगून बघावं, असंही त्यांच्या मनात आलं होतं.

“बाकीचे बघ की,” ते म्हणाले.

“हाच न्यायचा असेल तर?”

“ने,” निरीक्षक म्हणाले. रिवाज होता.

बदल्यात आलेला चाकू हातभर लांब, काळा कुळकुळीत, नावात दोन हिंस्र प्राणी असलेला. त्याला कुठल्याच खणात जागा होईना, तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर राहिला, पलीकडच्या खुर्चीसमोर. निरीक्षकांनी त्याने दुधाची पिशवी कापली. अर्धं दूध गेलं. तिसऱ्या दिवसापासून जेवताना ते त्याच्याशी थोडंफार बोलायला लागले. “मीठ कमी पडलंय,” असं म्हणायचे. अस्वलासाठी बनवलेल्या वस्तूकडून त्यांची दुसरी अपेक्षा नव्हती.

पहिल्या रविवारी ते साडेतीनलाच पोचले. खुर्च्या मांडल्या, सहा. अर्ज टेबलावर ठेवला, पाच सह्या करून घेतलेला. पावणेचारला जिमवाला जिना चढून आला, हातात मऊ कापडाची पुरचुंडी, चेहऱ्यावर वाढदिवसाचा केक घेऊन आल्यासारखा आनंद.

“काका, आधी तुम्हीच बघा. सगळ्यांसमोर नको.”

निरीक्षकांनी कापड उलगडलं, खाचेत नख घातलं आणि चाकू उघडला. पात्यातून स्वतःचे दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते. भुवयांचे केससुद्धा मोजता येत होते. टोकाला खिडकीचं ऊन होतं. फक्त ऊन.

“तीन रात्री लागल्या,” पोरगा सांगत होता. “गाड्यांचे सायलेन्सर चमकवतो ना, त्या मित्राचं पॉलिशचं चाक आणलं. किती डाग होते काका! टोकाचा तर निघतच नव्हता. म्हटलं, एवढ्या मानाने दिलाय त्यांनी, परत देताना असा द्यायचा का?”

निरीक्षकांनी पातं उन्हात तिरकं धरलं. या पोराच्या वयात त्यांनीही आजोबांचा चाकू वाळूने घासून पांढरा केला होता आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले होते. आजोबांनी शाबासकी दिली होती. ती द्यायला त्यांना किती जड गेलं असेल, हे निरीक्षकांना आत्ता, बेचाळीस वर्षांनी कळलं.

“छान चमकलाय,” ते म्हणाले.

“हो ना?”

“ऐक. कुणी विचारलं तर तू गप्प बस. मी बोलतो.”

“का?”

जिन्यात सरांची काठी वाजली.

बैठक सुरू झाली. जिमवाल्याची ओळख झाली. पाववाल्याने त्याचा काळा चाकू उघडून बघितला आणि “याने माझ्याकडचा पाव कापायला सुतार लागेल” म्हणाला. सगळे हसले. पोरगाही हसला. निरीक्षकांना वाटलं, झालं, बसला हा. मग रिवाजाप्रमाणे चाकू फिरायला निघाला. डॉक्टरीणबाईंनी उघडला आणि पटकन मिटून पुढे दिला. चष्मेवाल्याने उघडला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिसरे सर.

सरांनी तो नखाने उघडला. मग टोक डोळ्यांपाशी नेलं.

“कुणी घासला हा?”

पोराने तोंड उघडलं.

“मी,” निरीक्षक म्हणाले.

“तू.”

“हो. जरा मळकट वाटत होता. नवीन माणसाला द्यायचा, म्हटलं...”

“मळकट,” सर म्हणाले. वर्गात एखादं पोर आम्लात पाणी ओतायला निघाल्यावर निघत असेल तो आवाज. “एकोणीस वर्षं सचिव. मंडळाच्या नियमावलीचा पाचवा नियम कुणी लिहिला? झाकेला हात लावू नये. तूच लिहिलास ना? की तेव्हा ग्रंथपालबाईंनी लिहून दिला होता?”

“सर, बसा ना—” डॉक्टरीणबाई.

“तुम्ही नका बोलू. तुम्ही तोंड उघडायला लावता, बोलायला नाही.” सरांनी चाकू मिटला आणि टेबलावर ठेवला. “मी वहिनींना म्हटलं होतं, मला द्या. मी त्याच्याने सुपारीसुद्धा... मी नुसता ठेवला असता. आणि यांनी काय केलं, भांडी घासतात तसा घासला. घासणारा सचिव असलेल्या मंडळात मी नाही. माझी सही खोडा.”

“सर, आज पाचच्या आत अर्ज—”

सरांनी अर्ज ओढला, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली, व्यवस्थित, पट्टीने मारावी तशी, आणि गेले. जिना उतरायला त्यांना चार मिनिटं लागली. खोलीतले सगळे ती काठी खालपर्यंत ऐकत बसले.

साडेचार वाजले होते. जिमवाल्याची सही झाली तरी पाचच.

“काका, तुम्ही असं का सांगितलंत?” पोराने हळूच विचारलं.

“तू गेला असतास.”

“आणि आता ते गेले.”

“हो, गणित थोडं चुकलं,” निरीक्षक म्हणाले.

पोराने टेबलावरचा चाकू बघितला, बाकीच्यांचे चेहरे बघितले. काय पुसलं गेलंय हे त्याला अजून नीट उमगलं नसावं, पण काहीतरी गेलंय एवढं दिसलं. “डाग नव्हते ते?” त्याने विचारलं. तो उठला आणि एकेका ढांगेत तीन-तीन पायऱ्या उतरून गेला.

निरीक्षक खिडकीपाशी गेले. खाली बसथांब्यावर सर उभे होते, काठीवर दोन्ही हात. पोरगा रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी पोचला. वरून शब्द ऐकू येत नव्हते. पोरगा हात गोल गोल फिरवून चाक दाखवत होता. मग त्याने छातीवर हात ठेवला. सर त्याच्याकडे मान तिरकी करून बघत होते. बस आली, तिने दोघांना झाकून टाकलं, आणि निरीक्षकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याही बसकडे श्वास धरून बघितलं नव्हतं. बस हलली. दोघे तिथेच होते.

सरांना परत वर यायला नऊ मिनिटं लागली. मागे पोरगा, पडले तर झेलायला हात पुढे करून. सर आले, पेन घेतलं, खोडलेल्या सहीखाली नवीन सही केली. मग टेबलावर हात टेकून, श्वास जमेपर्यंत थांबून, निरीक्षकांकडे बघितलं.

“याने घासला ते मला समजतं. याचं वयच आहे. चोविशीत मीही घासला असता. वर शाळेत नेऊन दाखवला असता.”

“सर, खोलीसाठी मी—”

“खोली गेली खड्ड्यात. अरे, तो निळा ढग गेलेला बघून मला ओरडायचं होतं. तुझ्याबरोबर. दोघांनी मिळून. दुसरं आहे कोण ओरडायला? आणि तू मला तुझ्यावरच ओरडायला लावलंस.” त्यांनी काठी उचलली. “मी येत जाईन. सही केली आहे, तर येणं भाग आहे. पण तुझ्याशी बोलणार नाही.”

पोराची सही होऊन अर्ज पाचला तीन मिनिटं असताना खिडकीत पोचला. ग्रंथपालबाईंनी सह्या मोजल्या, खोडलेल्या सहीवर बोट ठेवून, “हे काय?” विचारलं.

“मतभेद,” निरीक्षक म्हणाले.

“मग ती संस्थाच,” म्हणत बाईंनी शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात सर आले आणि बोलले नाहीत. म्हणजे, निरीक्षकांशी नाहीत. “सचिवांना सांग, पंखा कमी करा,” ते जिमवाल्याला म्हणत. निरीक्षक पंख्यापाशी उभे असत. जिमवाला म्हणे, “काका, पंखा कमी करा.” निरीक्षक म्हणत, “सरांना विचार, एवढा पुरे का?” पोराला हे दुप्पट काम वाटायचं, पण तो वजनं मोजणारा माणूस, नेटाने करत राहिला. त्याच्या खिशावर अजून काळी क्लिप होती. मात्र त्या दिवशी सरांनी आपला एक जुना चाकू पुढे सारला, तेव्हा त्याने हातरुमालाने नुसतं मुठीला धरून तो बघितला आणि पात्याला बोट लावलं नाही. निरीक्षकांनी इतिवृत्तात लिहिलं : ‘सर (श्री. जिमवाले यांच्यामार्फत) म्हणाले की मागील इतिवृत्त वाचू नये. ते सर्वांना माहीत आहे.’

साडेपाचला बैठक संपली. जिमवाल्याची संध्याकाळची तुकडी होती, तो पळाला. पाववाला भट्टीवर, चष्मेवाला दुकानात, डॉक्टरीणबाई सासूकडे. निरीक्षक खुर्च्या लावून, डबा मोजून देऊन खाली आले, तेव्हा थांब्यावर एकटे सर उभे होते. दोघांची बस एकच.

निरीक्षक तीन हात लांब उभे राहिले. समोर जिमच्या काचेतून पोरगा कुणाला तरी वाकून उठायला सांगताना दिसत होता. त्याला हाक मारावी तर रस्ता मोठा होता. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. सरांनी मनगट डोळ्यांपाशी नेलं, खाली केलं, आणि बसच्या पाटीच्या खांबाकडे बघून म्हणाले,

“मधली एक बस निघून गेली का काय, कुणास ठाऊक.”

निरीक्षकांनी थोडा विचार केला. मग तेही खांबाकडे तोंड करून म्हणाले, “अजून नाही गेली.”

सरांनी खांबाला मान हलवली. दोघे पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.